वर्गणीदार देश

३० मे १९९२ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक ७५७ मंजूर केला. बोस्नियातल्या रक्तपाताबद्दल युगोस्लाव्हियाला, म्हणजे फाटाफुटीनंतर त्या नावाने उरलेल्या सर्बिया आणि माँटेनेग्रोला, धडा शिकवायचा होता. व्यापार बंद, विमाने बंद, आर्थिक व्यवहार बंद, खेळाडूंना बाहेरचे सामने बंद. युरोपच्या फुटबॉल स्पर्धेतून त्यांचा संघ ऐनवेळी बाद झाला, त्याच्या जागी डेन्मार्कला बोलावले आणि डेन्मार्कच जिंकला, हे फुटबॉलवेड्यांना अजून आठवते. त्याच ठरावात आठव्या कलमाखाली आणखी एक ओळ होती, ती मात्र कुणाला आठवत नाही. सरकारच्या वतीने चालणारे वैज्ञानिक आणि तांत्रिक सहकार्य स्थगित करावे, अशी ती ओळ. चीन आणि झिम्बाब्वे तटस्थ राहिले. बाजूने मत देणाऱ्या १३ देशांत भारतही होता.

मी सांगलीकडच्या एका विज्ञान महाविद्यालयात ग्रंथपाल होते. नोकरीचा मोठा भाग नियतकालिकांत गेला: अंक आला का, नोंद झाली का, मधला एखादा गहाळ असेल तर एजंटाला पत्र, वर्ष संपले की बाइंडिंगला. हा ठराव निवृत्तीनंतर सवडीने वाचला तेव्हा मनात पहिला प्रश्न आला तो बेलग्रेडच्या ग्रंथपालाचा. तेलाची बंदी कशी पाळतात ते समजते. बंदरे रोखायची, टँकर परत पाठवायचे. विज्ञानाची बंदी कशी पाळत असतील? परिषदेची निमंत्रणे थांबणार, संयुक्त प्रकल्प गुंडाळले जाणार, हे उघड आहे. त्याहून साधी गोष्ट म्हणजे बाहेर पैसे पाठवता येत नाहीत म्हणून वर्गणी भरली जात नाही, आणि वर्गणी नाही म्हणून अंक येत नाही. मांडणीवरचा कप्पा रिकामा राहतो. माझे कुतूहल तिथून सुरू झाले आणि मागे मागे जात राहिले. बेलग्रेड मी पाहिलेले नाही. तिथल्या वाचनालयांचा इतिहास मात्र जमेल तसा वाचत गेले.

सर्बिया म्हणजे साधारण सत्तर लाखांचा देश. एकट्या मुंबईत त्याहून जास्त माणसे राहतात. एवढ्या देशात एखाद्या विषयाचे जाणकार किती असणार? दहा, फार तर पंधरा. मोठ्या देशातल्या संशोधकाला शेजारच्या खोलीतला सहकारी सांगतो की हे काम कुणीतरी आधीच केले आहे. छोट्या देशातल्या संशोधकाला ते सांगायला छापील कागदच लागतो. योसिफ पान्चिच हे त्याचे जुने उदाहरण. पेशाने वैद्य, आवडीने वनस्पतिशास्त्रज्ञ. पश्चिम सर्बियातल्या तारा डोंगरात १८७५ साली त्याला एक सडपातळ, उंच सूचिपर्णी झाड सापडले, ज्याच्याबद्दल तो बरीच वर्षे ऐकत आला होता. ही जात नवी आहे असे म्हणायचे तर जगात इतर कुणी तिचे वर्णन केलेले नाही याची खातरी आधी करावी लागते. झाड डोंगरात असते, खातरी ग्रंथालयात करावी लागते. पान्चिचने १८७६ साली बेलग्रेडमध्ये त्यावर पुस्तिका छापली, ती जर्मन भाषेत. गावकऱ्यांना कळावी म्हणून ती छापलेली नव्हती.

पण माझा जीव जडला तो मिलुतिन मिलान्कोविचवर. हिमयुगांचा विषय निघाला की त्याचे नाव आता शाळकरी पुस्तकांतही येते. पृथ्वीची कक्षा सुमारे एक लाख वर्षांच्या चक्राने कमी-अधिक लांबट होते, तिच्या अक्षाचा कल साधारण ४१ हजार वर्षांत कमी-जास्त होतो, आणि अक्ष भोवऱ्यासारखा डुलत असल्याने ऋतूंची वेळ कक्षेवर सरकत राहते. या तिन्हींचा हिशेब करून कोणत्या अक्षांशावर कोणत्या काळात किती ऊन पडले ते काढता येते. उत्तरेकडचे उन्हाळे थंड झाले की मागच्या हिवाळ्याचे बर्फ वितळत नाही, थरावर थर चढतात आणि हिमयुग येते. विषय एवढा सरळ वाटतो, पण आकडेमोड आयुष्यभराची होती, आणि तीही कागद-पेन्सिलीने.

मिलान्कोविच १८७९ साली डॅन्यूबकाठच्या दाल्य गावी जन्मला. ते गाव तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या राज्यात होते. व्हिएन्नात शिकला, काँक्रीटच्या बांधकामांत नाव आणि पैसा मिळवला, आणि १९०९ साली ते सारे सोडून बेलग्रेड विद्यापीठात गणिताचा प्राध्यापक झाला. पगार घटला. घरच्यांना काय वाटले असेल याची कल्पना कुठल्याही मराठी घरात येईल. १९१४ च्या जूनमध्ये त्याचे लग्न झाले आणि जोडपे दाल्यला गेले. तेवढ्यात युद्ध पेटले. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या हद्दीत सर्बियाचा नागरिक, म्हणजे शत्रूचा माणूस. त्याला आधी ओसियेकच्या किल्ल्यात आणि मग नेझिडरच्या छावणीत ठेवले. पहिल्याच रात्री कोठडीत त्याने पिशवीतले कागद काढून आकडेमोड पुढे चालू केली, असे तो आठवणींत सांगतो.

बायको क्रिस्तिना थेट व्हिएन्नाला गेली आणि त्याचे जुने गुरू, गणितज्ञ एमानुएल चुबेर, यांना भेटली. चुबेरनी वजन खर्च केले. १९१४ च्या नाताळाच्या सुमारास मिलान्कोविचची सुटका झाली, पण घरी नाही. त्याने बुडापेस्टमध्ये नजरकैदेत राहायचे, तिथे काम करायला मोकळीक, असे ठरले. तिथल्या हंगेरियन विज्ञान अकादमीच्या ग्रंथालयाची सूत्रे कोलोमान सिली या गणिताच्या जाणकाराकडे होती. त्याने या कैद्याला ग्रंथालयाचे दार उघडून दिले. युद्धाची चार वर्षे मिलान्कोविच त्या वाचनकक्षात बसला. त्याच्या हवामान-गणिताचा पाया तिथे रचला गेला.

इथे मी वाचताना थांबले होते. १९१४ साली दोन देश एकमेकांची माणसे मारत होते आणि एका ग्रंथपालाने शत्रूच्या माणसाला खुर्ची दिली, पुस्तके दिली. अठ्ठ्याहत्तर वर्षांनी सारे जग शांततेच्या नावाने एकत्र बसले आणि त्याने वैज्ञानिकांचे दार लावून घेतले. सर्बियाचा तेव्हाचा सत्ताधीश मिलोशेविच याच्या राजवटीची बाजू मला घ्यायची नाही, तिने काय केले ते सर्वांना ठाऊक आहे. पण त्या ओळीने मिलोशेविचचे काय बिघडले? त्याला कुठला शोधनिबंध वाचायचा होता?

असो. युद्ध संपल्यावर मिलान्कोविच बेलग्रेडला परतला आणि १९२० साली त्याचा ग्रंथ पॅरिसमध्ये फ्रेंचमध्ये निघाला. ही भाषा आणि हे गाव महत्त्वाचे, कारण त्यामुळे तो ग्रंथ हॅम्बुर्गला व्लादिमिर कोपेनच्या हाती पडला. आपल्याकडे भूगोल शिकलेल्या प्रत्येकाने कोपेनचे हवामान-वर्गीकरण पाठ केलेले असते, तोच हा. १९२२ साली कोपेनने बेलग्रेडला पत्र लिहिले. कोपेन आणि त्याचा जावई आल्फ्रेड वेगेनर, खंड सरकतात असे म्हणणारा, दोघे मिळून प्राचीन हवामानावर पुस्तक लिहीत होते. किती मागचा हिशेब द्याल, कोणत्या अक्षांशांचा द्याल, अशी पत्रापत्री झाली. मिलान्कोविच सुमारे शंभर दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत आकडे मांडत बसला आणि साडेसहा लाख वर्षांचा आलेख काढून त्याने पाठवला. १९२४ साली तो त्यांच्या पुस्तकात छापला गेला आणि बेलग्रेडच्या गणितज्ञाचे नाव युरोपभर झाले. हे सगळे टपालाने घडले. त्यात ना परिषद होती, ना अनुदान. एकाचे पुस्तक दुसऱ्याला वाचायला मिळाले, एवढेच.

दोन युद्धांच्या मधल्या बेलग्रेडची एक गोष्ट ग्रंथपाल म्हणून सांगायलाच हवी. पहिल्या महायुद्धात शहराची धूळधाण झाली होती. अमेरिकेतल्या कार्नेगी निधीने विद्यापीठाच्या ग्रंथालयाला एक लाख डॉलर दिले, आणि २४ मे १९२६ रोजी नवी इमारत उघडली. ती आजही वापरात आहे. राष्ट्रीय ग्रंथालयाला मात्र असा दाता भेटला नाही. ते कोसान्चिचेव व्हेनाट्स नावाच्या जुन्या रस्त्यावर, पूर्वी पुठ्ठ्याचा कारखाना असलेल्या इमारतीत होते.

६ एप्रिल १९४१, रविवार. युद्ध जाहीर न करता जर्मन विमाने बेलग्रेडवर आली. राष्ट्रीय ग्रंथालयावर आगीचे बाँब पडले. सुमारे साडेतीन लाख ग्रंथ आणि चौदाशेंहून अधिक सिरिलिक हस्तलिखिते व सनदा गेल्या. त्यांच्यासोबत दाखल-नोंदवह्याही जळाल्या. ज्याने कधी दाखलनोंद रजिस्टर सांभाळले आहे त्याला याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. काय गेले याची यादीही गेली.

त्याच दिवशी मिलान्कोविचचा आयुष्यभराचा ग्रंथही जवळजवळ गेला होता. ‘कानोन’ या नावाने ओळखला जाणारा, सहाशेंहून अधिक पानांचा, जर्मन भाषेतला ग्रंथ बेलग्रेडच्या छापखान्यात होता. हल्ल्याच्या चार दिवस आधी त्याचे काम छपाईला गेले होते. छापखाना पडला, पण छापून झालेले बहुतेक फर्मे गोदामात वाचले. पुढच्याच महिन्यात भूगर्भशास्त्राचे दोन तरुण, अंगावर जर्मन लष्कराचा गणवेश, मिलान्कोविचच्या दाराशी आले. फ्रायबुर्गचे प्राध्यापक झोर्गेल यांचा नमस्कार घेऊन आले होते. मिलान्कोविचने ग्रंथाची एकुलती एक पूर्ण प्रत त्यांच्या हाती देऊन झोर्गेलकडे पाठवली. आपल्या शहरात काय टिकेल, काय नाही, याचा भरवसा उरला नव्हता. शहर ज्यांनी जाळले त्यांच्याच देशात प्रत सुरक्षित राहील असे त्याला वाटले.

‘कानोन’चे पुढे काय झाले? फारसे काही नाही. जर्मनमध्ये, बेलग्रेडच्या अकादमीने, ऐन युद्धात काढलेला ग्रंथ. युद्धानंतर विज्ञानाचा कारभार इंग्रजीत गेला. किरणोत्सारी कार्बनने वय मोजायची पद्धत आली, तिचे काही आकडे मिलान्कोविचच्या आलेखाशी जुळेनात, आणि अनेकांनी तो सिद्धांत मोडीत काढला. ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर १९६९ साली निघाले. मिलान्कोविच तोवर, १९५८ सालीच, गेला होता. १९७६ साली हेज, इम्ब्री आणि शॅकल्टन यांनी समुद्रतळातल्या गाळाचे थर तपासून ‘सायन्स’मध्ये दाखवून दिले की हिमयुगांच्या ठेक्यात त्याचीच चक्रे दिसतात. छोट्या देशाला वाचायला मिळाले पाहिजे हे सगळे म्हणतात. त्याचे लिहिलेले जगाला वाचायला मिळाले पाहिजे, ही दुसरी बाजू तितकीच जड आहे, आणि ‘कानोन’ने तिची किंमत मोजली.

दुसऱ्या महायुद्धानंतर टिटोंचा युगोस्लाव्हिया उभा राहिला. पूर्वेच्या गटात नाही, पश्चिमेच्या नाही. विज्ञानाच्या कागदांच्या बाबतीत तो आपल्यासारखाच होता: चलन कमी, भूक मोठी. अशा देशांसाठी त्या काळी दोन वाटा होत्या. पहिली देवाणघेवाणीची. आपल्या अकादमीचे अंक तुम्हाला पाठवतो, तुमचे आम्हाला पाठवा. पैसा हलत नाही, टपालखर्च तेवढा. दुसरी वाट युनेस्कोची. पन्नाशीच्या दशकात युनेस्कोने ठिकठिकाणी वैज्ञानिक दस्तऐवज केंद्रे उभारायला मदत केली. त्यातले एक बेलग्रेडला झाले, एक दिल्लीला. दिल्लीचे ते इन्सडॉक, १९५२ सालचे.

इन्सडॉकशी माझा संबंध आला. आमच्याकडच्या रसायनशास्त्राच्या एखाद्या मास्तरांना जुन्या अंकातला लेख हवा असला की मी दिल्लीला फॉर्म भरून पाठवत असे. महिन्या-दीड महिन्याने पाकीट यायचे. आत छायाप्रत, कडा काळपट, पायतळटिपा भिंगाने वाचाव्या लागतील अशा. मास्तर ते पाकीट उभ्या उभ्या फोडायचे. तोवर त्यांचा प्रयोग एकतर पुढे गेलेला असायचा किंवा थांबलेला.

तिसरी वाटही होती, पण ती कुणा सरकारची नव्हती. लेखाच्या सुट्या छापील प्रती लेखकाला मिळत, आणि जगभरचे लोक पोस्टकार्ड पाठवून त्या मागत. छापील मजकूर, मध्ये गाळलेल्या जागा. गाळलेल्या जागी लेखाचे नाव भरायचे, खाली सही. फिलाडेल्फियाहून दर आठवड्याला ‘करंट कंटेंट्स’ नावाची पुस्तिका निघे, तीत नियतकालिकांच्या अनुक्रमणिका आणि लेखकांचे पत्ते असत. ज्यांच्याकडे नियतकालिक येत नसे ते अनुक्रमणिका वाचून कार्डे टाकत. आमच्या वनस्पतिशास्त्राच्या एका सरांना अशी कार्डे येत, आणि त्यांतली बरीचशी नोव्ही साद, लुब्लियाना, ब्रातिस्लावा अशा गावांची असत. अमेरिकेतून क्वचित. तेव्हा वाटे, या लोकांना आपल्या सरांच्या शेवाळात एवढा रस कसा? पुढे समजले, अमेरिकेतल्या माणसाला तो अंक त्याच्या वाचनालयात मिळत होता, त्याला कार्ड टाकायची गरजच नव्हती. तिकिटे सरांची मुलगी घेऊन जायची.

मग १९९१ उजाडले. त्या जुलैत रुपयाचे दोन दिवसांच्या अंतराने दोनदा अवमूल्यन झाले, आणि मुंबईच्या एजंटाकडून येणारे वर्गणीचे बिल पाहून आमच्या ग्रंथालय समितीने डोक्याला हात लावला. कोणती परदेशी नियतकालिके बंद करायची याची यादी मला करायला सांगितली. ती यादी करताना मला जे वाटले ते इथे लिहीत नाही. एवढे मात्र सांगते की विभागप्रमुख एकमेकांशी बोलेनासे झाले.

त्याच वर्षी युगोस्लाव्हिया फुटला. पुढच्या वर्षी निर्बंध आले. आमचे दुःख त्यांच्यापुढे काहीच नाही. १९९३ च्या अखेरीस तिथे ५०० अब्ज दिनारची नोट निघाली. तिच्यावर योव्हान योव्हानोविच झ्माय या लहान मुलांच्या लाडक्या कवीचे चित्र होते. १९९४ च्या जानेवारीत महागाईचा महिन्याचा दर ३१ कोटी ३० लाख टक्के झाला. हा आकडा मी तीनदा तपासला आहे. सकाळी मिळालेला पगार संध्याकाळी पावाला पुरत नाही अशा देशात कोणत्या प्राचार्याने, कोणत्या चलनात, पुढच्या वर्षाची वर्गणी आगाऊ भरायची? जानेवारीच्या अखेरीस नवा दिनार आणून हे वेड थांबवले, पण रिकामे झालेले कप्पे भरून आले नाहीत. निर्बंध १९९५ च्या नोव्हेंबरात स्थगित झाले. १९९९ साली नाटोने ७८ दिवस बाँब टाकले. तरुण संशोधक मिळेल त्या वाटेने देश सोडत राहिले. जे मागे राहिले त्यांच्या ग्रंथालयांत १९९२ नंतरचे नवे जग जवळजवळ नव्हतेच. आणि नेमकी ही वर्षे इंटरनेट येण्याची होती.

५ ऑक्टोबर २००० रोजी मिलोशेविचची सत्ता गेली. त्यानंतर वर्षभरातच बेलग्रेडच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जे झाले ते माझ्या मते या साऱ्या इतिहासातले सर्वांत शहाणे काम होते, आणि वर्तमानपत्रांत त्याचा मथळा कुठे झाला असेल असे वाटत नाही. हे ग्रंथालय १९४१ च्या राखेतून पुन्हा उभे राहिले होते. नवी इमारत उघडायला त्यांनी मुद्दाम ६ एप्रिल ही तारीख निवडली होती, साल १९७३. त्या इमारतीत २००१ साली देशातल्या ग्रंथालयांचा एक संघ जमला. सर्वांची खरेदी एकत्र करायची, एकच करार करायचा, एकदाच घासाघीस करायची. त्याच्या सर्बियन नावाची आद्याक्षरे जोडून झालेले ‘कोबसोन’ हे नाव रूढ झाले. पैसा विज्ञान मंत्रालयाने द्यायचा. पूर्व युरोपातल्या गरीब देशांच्या ग्रंथालयांना एकत्र आणून प्रकाशकांशी बोलणी करणारी एक संस्था १९९९ पासून काम करत होती, तिचाही आधार मिळाला.

यातली खरी चतुराई कुठे आहे ते ग्रंथपालाला लगेच दिसते. छापील अंकाच्या काळात प्रत्येक नवी प्रत म्हणजे कागद, शाई, टपाल. संगणकावर वाचायच्या अंकाची दहा हजारावी प्रत प्रकाशकाला जवळपास फुकट पडते. मोठ्या, श्रीमंत देशाला प्रकाशक म्हणतो, तुम्ही आजवर इतकी वर्गणी भरत होता, त्याहून कमी चालणार नाही. सर्बियाकडे वर्गणीच उरलेली नव्हती. प्रकाशकाच्या हातचे गिऱ्हाईक जाणार नव्हते, झाला तर नवा पैसाच येणार होता. दहा वर्षांचे रिकामे कप्पे हीच घासाघिशीची ताकद ठरली. छोट्या देशाचा दुसरा फायदा असा की सगळे ग्रंथपाल एकमेकांना ओळखतात. पाच-सहा विद्यापीठे, थोड्या संशोधनसंस्था, एक अकादमी. एका खोलीत बसून निर्णय होतो. आपल्याकडे एका विद्यापीठाच्या अभ्यासमंडळाचा निर्णय एका खोलीत होत नाही.

विद्यापीठांच्या संगणक-जाळ्यावरून कुणीही अंक उघडावा, घरून उघडायचा तर खाते काढावे, अशी सोय झाली. कोबसोनच्या लोकांनी आणखी दोन कामे केली. विद्याशाखांत जाऊन अंक शोधायचे कसे ते शिकवले. आणि आपल्या देशातल्या लेखकांचे कोणते लेख विज्ञान-नियतकालिकांच्या जागतिक सूचीत आले त्याची यादी ठेवायला सुरुवात केली. पैसा देणाऱ्या मंत्रालयाला दाखवायला असा कागद लागतोच. त्याच राष्ट्रीय ग्रंथालयाने सर्बियातली विज्ञान-नियतकालिके सर्वांना फुकट वाचता येतील अशी महाजालावर मांडली, प्रत्येक लेखाला कायमचा क्रमांक देऊन. ‘कानोन’वर आलेली पाळी आता निदान पोहोचण्याच्या अडचणीमुळे तरी कुणावर येऊ नये.

परिणाम झाला. पहिल्या दहाएक वर्षांत जागतिक सूचीतले सर्बियाचे लेख तिपटीहून अधिक झाले. पण हे सगळे श्रेय वर्गणीला देणारा माणूस एकतर प्रकाशकाचा विक्रेता असेल किंवा मंत्री. त्याच काळात सर्बियाची काही नियतकालिके त्या सूचीत दाखल झाली, त्यामुळे घरच्या अंकांतले लेख आपोआप मोजले जाऊ लागले. त्याच काळात बढती आणि प्रकल्पाचा पैसा लेखांच्या संख्येवर ठरू लागला. मग संख्या वाढणारच. कशी वाढते त्याचा नमुना २०१३ साली बेलग्रेड विद्यापीठातल्याच तिघांनी जगापुढे ठेवला. शेजारच्या रोमानियातले धातुशास्त्राचे एक नियतकालिक सूचीत होते, पैसे घेऊन काहीही छापत होते, आणि सर्बियन प्राध्यापक त्यात धडाधड लेख देत होते. या तिघांनी शुद्ध बकवास लिहिली, संदर्भयादीत मायकेल जॅक्सन आणि चित्रपटातला बोराट घातले, लेखकांच्या फोटोत खोट्या मिशा आणि विग लावले. लेख छापून आला. देशभर हशा झाला, आणि थोडी लाजही वाटली असावी.

मला ही गोष्ट कोबसोनच्या विरोधातली वाटत नाही. ज्यांना चांगले अंक वाचायला मिळतात त्यांनाच भिकार अंक भिकार आहे हे समजते. त्या तिघांना ते समजले होते. ग्रंथपाल मांडणी भरू शकतो, लिहिणाऱ्याच्या पोटात शिरू शकत नाही.

हे सगळे आता सांगायचे कारण म्हणजे आपल्या देशानेही तोच धंदा मोठ्या प्रमाणावर मांडला आहे. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ मंजूर केले. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३ हजार नियतकालिके, ६,३०० हून अधिक सरकारी शिक्षण आणि संशोधन संस्था. कारभार विद्यापीठांच्या ग्रंथालयांना जोडणाऱ्या गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राकडे. सर्बियात सत्तर लाखांसाठी झाले ते इथे एकशे चाळीस कोटींच्या देशात होते आहे. घासाघिशीच्या वेळी मात्र आपण छोटे नाही, प्रकाशकांना ते ठाऊक आहे, आणि ६,००० कोटींचा आकडा त्याचाच परिणाम आहे. त्यातला किती पैसा वर्गणीऐवजी आपल्याच नियतकालिकांना नीट, उघडे आणि वाचनीय करायला घातला असता तर बरे, यावर बोलायला हवे. बेलग्रेडने दोन्ही बाजू एकाच छपराखाली ठेवल्या होत्या.

दुसरे म्हणजे खासगी महाविद्यालये पहिल्या टप्प्यात नाहीत, आणि महाराष्ट्रात तालुक्याच्या गावी विज्ञान शिकवणारी बहुतेक महाविद्यालये संस्थांनी चालवलेली आहेत. जिथे यादी करताना विभागप्रमुख भांडले, तीच ही महाविद्यालये.

तेव्हा वाचकहो, तुमची मुलगी किंवा भाचा सरकारी महाविद्यालयात एम.एस्सी. करत असेल तर त्यांना आजच विचारा, हे अंक उघडता येतात का, कधी उघडून पाहिले का. येत नसतील तर ग्रंथपालांना भेटायला सांगा. ग्रंथपाल टाळाटाळ करत असतील तर प्राचार्यांकडे जा. आणि तुमचे महाविद्यालय खासगी असेल तर तुमच्या आमदार-खासदारांना पत्र लिहा की पुढच्या टप्प्यात आमचे नाव घाला. पैसे भरून झालेले आहेत, अंक आलेले आहेत.